बीडीडी चाळींचा पुनर्विकास आणि दाराबाहेरची जागा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाविषयी चाळ कमिटीच्या बैठकांत आणि जिन्याच्या तोंडाशी जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. हे म्हाडाचे किंवा शासनाचे अधिकृत निवेदन नव्हे, आणि जिथे लिहिणाऱ्याचे मत आले आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावे. घराच्या क्षेत्रफळाविषयी आजवर भरपूर बोलले गेले आहे. म्हणून त्या प्रश्नांची उत्तरे आटोपशीर ठेवून मैदान, गल्ली, पदपथ, इमारतींमधले अंतर अशा दाराबाहेरच्या गोष्टींना येथे अधिक वाव दिला आहे.

बीडीडी चाळी कोणी आणि कशासाठी बांधल्या?

मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे स्वतंत्र खाते स्थापन झाले. बॅकबेला समुद्र हटवून जमीन तयार करणे आणि कामगारांसाठी घरे बांधणे ही त्याची दोन मोठी कामे होती. घरांसाठी पैसा उभा करण्याकरिता मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवण्यात आला. योजना ५० हजार खोल्यांची होती. प्रत्यक्षात २०७ चाळी आणि सुमारे १६ हजार खोल्या झाल्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधोमध व्हरांडा, त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून वीस खोल्या आणि टोकाला सामाईक संडास, असा सगळ्या चाळींचा साचा ठरलेला होता.

आज ज्या खोलीच्या पात्रतेसाठी माणसे फायली घेऊन खेटे घालतात, त्या खोल्या बांधून झाल्यावर बराच काळ रिकाम्या होत्या, हे नव्या पिढीला सांगावे लागते. भाडे कामगाराच्या पगाराला झेपणारे नव्हते, वरळी तेव्हा गिरण्यांपासून आडवळणाला होती, आणि काँक्रीटच्या त्या खोल्यांभोवती बाजारहाट, दिवाबत्ती, जाण्यायेण्याची सोय यांपैकी फारसे काही नव्हते. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळी सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या. सरकारने इमारती बांधल्या, परिसर बांधला नाही, आणि तो परिसर पुढे रहिवाशांनीच हळूहळू उभा केला. हा इतिहास येथे मुद्दाम सांगितला आहे, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांत त्याचा संदर्भ येणार आहे.

नेमक्या किती चाळींचा पुनर्विकास होत आहे, आणि शिवडीचे काय?

वरळीत १२१, नायगावात ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२ अशा एकूण २०७ चाळी आहेत. पहिल्या तीन ठिकाणची जमीन राज्य शासनाची असल्यामुळे २०१६ च्या निर्णयानुसार म्हाडाला तेथे नियोजनाचे आणि बांधकामाचे काम देता आले. एप्रिल २०१७ मध्ये भूमिपूजन झाले. वरळीत कामाचा पुन्हा शुभारंभ १ ऑगस्ट २०२१ रोजी झाला. आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांच्या हाती आल्या. भूमिपूजनापासून पहिल्या चावीपर्यंत आठ वर्षे गेली, हे ज्यांची पाळी अजून यायची आहे त्यांनी लक्षात ठेवावे. शिवडीची जमीन केंद्राच्या अखत्यारीतील मुंबई बंदराची आहे, म्हणून तेथील कुटुंबे या योजनेच्या बाहेर राहिली.

खोलीच्या बदल्यात काय मिळते, आणि ते मोफत कसे परवडते?

१६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात पात्र रहिवाशाला ५०० चौरस फूट चटई क्षेत्राचे (म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरण्याजोग्या जागेचे), दोन शयनकक्षांचे, मालकी हक्काचे घर मिळते. करारावरील मुद्रांक शुल्क नाममात्र, म्हणजे एक हजार रुपये, ठेवण्यात आले आहे. तिन्ही ठिकाणी मिळून पुनर्वसनाची साडेपंधरा हजारांहून अधिक घरे बांधायची आहेत, त्यांपैकी ९,६८९ एकट्या वरळीत आहेत.

घर मोफत असले तरी त्याचा खर्च कोणीतरी देतच असते. त्याच जमिनीवर म्हाडा बाजारभावाने विकण्यासाठी वेगळ्या इमारती बांधणार आहे, आणि त्या विक्रीतून पुनर्वसनाचा खर्च निघणार आहे. आपल्या घरांचे पैसे आपल्याच अंगणाच्या विक्रीतून येतात, असे एका बैठकीत एका आजींनी म्हटले होते, आणि हिशेबाच्या भाषेत ते अगदी बरोबर आहे. विक्रीच्या इमारतींसाठी जितकी जमीन लागेल तितकी पुनर्वसनाच्या इमारतींना कमी उरते, म्हणून त्या उंच आणि एकमेकींच्या जवळ येतात. वरळीत पुनर्वसनाच्या इमारती चाळीस मजल्यांच्या झाल्या, त्याचे मूळ येथे आहे.

आमची संमती न घेता हे कसे ठरले?

खासगी मालकाच्या जुन्या इमारतीत भाडेकरूंच्या ठरावीक टक्क्यांची संमती लागते. बीडीडी चाळींची मालकी शासनाची असल्यामुळे विकास नियंत्रण नियमावलीत या चाळींसाठी वेगळी तरतूद, ३३(९)(ब), करण्यात आली आणि तीत संमतीची अट ठेवली गेली नाही. याचा परिणाम असा झाला की संमतीपत्राच्या निमित्ताने रहिवासी आणि विकासक यांच्यात जी घासाघीस होते, ती येथे झालीच नाही. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावर बायोमेट्रिक सर्वेक्षणाला विरोध झाला आणि आधी करार, मग स्थलांतर अशी मागणी पुढे आली. तो विरोध पुनर्विकासालाच आहे असे चित्र त्या वेळी रंगवले गेले. मागणी मात्र लेखी हमीची होती, आणि पुढे करार नोंदवण्याची पद्धत रूढ झाली ती याच आग्रहामुळे, असे आमचे मत आहे.

कोणता मजला मिळणार हे कोण ठरवते?

संगणकीय सोडतीने इमारत, मजला आणि घर क्रमांक ठरतो. खोली रिकामी करण्यापूर्वीच आपले भावी घर कोणते, हे सोडतीतून कळते. संक्रमण शिबिरात, म्हणजे बांधकाम होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरांत, जायचे नसेल त्यांना भाड्याचा पर्याय आहे. तो सुरुवातीला दरमहा २२ हजार रुपये होता आणि पुढे २५ हजार करण्यात आला. लालबाग-परळ-वरळीच्या पट्ट्यात या पैशांत दोन खोल्यांचे बरे घर मिळणे कठीण असल्याने अनेक कुटुंबे तात्पुरती लांबच्या उपनगरांत गेली आहेत. मुलांची शाळा दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर असेल तर या तात्पुरत्या वर्षांचा विचार भाड्याच्या रकमेपेक्षा आधी करावा.

पोलीस सेवानिवासस्थानांचे काय ठरले?

चाळींतील बऱ्याच खोल्या पोलिसांना सेवानिवासस्थान म्हणून दिलेल्या होत्या. त्यांच्यासाठी घराची किंमत आधी ५० लाख, नंतर २५ लाख आणि शेवटी, २०२२ मध्ये, १५ लाख रुपये ठरवण्यात आली.

१६० चौरस फुटांचे ५०० झाले, मग तक्रार कशाची?

घराविषयी तक्रार नाही. घरातच संडास, घरातच न्हाणीघर, सुनेला कपडे बदलायला स्वतंत्र खोली, म्हाताऱ्या माणसाला रात्री व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालावे न लागणे, या गोष्टींचे मोल चाळीत जन्म न घालवलेल्या माणसाला कळणार नाही. चाळसंस्कृतीच्या आठवणींनी गहिवरणारे लेख बहुधा चाळ सोडून पंचवीस वर्षे झालेली मंडळी लिहितात.

प्रश्न मोजणीचा आहे. सहा-सात माणसांचे कुटुंब १६० चौरस फुटांत राहत होते असे आपण म्हणतो, पण ते पूर्ण खरे नाही. मुले व्हरांड्यात अभ्यास करीत, पुरुष उन्हाळ्यात गच्चीवर झोपत, पापड आणि कुरडया गच्चीवरच वाळत, बारसे आणि साखरपुडा दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत मांडव घालून होई, आणि मयताची तिरडीही तेथेच बांधली जाई. दर कुटुंबाच्या वाट्याला येणारी ही वापरातली जागा कोणत्याही सर्वेक्षणात मोजली गेली नाही, कारण ती कोणाच्याच नावावर नव्हती. नव्या घरात दाराच्या आतली जागा तिपटीहून जास्त वाढली, हे कागदावर दिसते. दाराबाहेरची किती घटली, हे सांगणारा रकाना त्या कागदावर नाही.

हा रकाना असता तर काय झाले असते? कदाचित प्रत्येक पाच-सहा मजल्यांमागे एक मोकळा सामाईक सज्जा मागता आला असता, जिथे लहान मुले आजीच्या नजरेखाली खेळू शकतील. चाळीसाव्या मजल्यावरून नातवाला खाली मैदानात एकटे पाठवायला कोणीही धजावणार नाही. लिफ्टसमोरची अरुंद जागा व्हरांड्याचे काम करू शकत नाही, आणि तेथे चपलांचा स्टँड ठेवला तरी अग्निशमनाच्या नियमात अडकतो. ज्या इमारतींचे नकाशे अजून पक्के झालेले नाहीत, त्यांच्या रहिवाशांनी ही मागणी आताच लेखी करावी.

इमारती फार दाट होतील ही भीती खरी आहे का?

वरळीचे साधे गणित पाहू. १२१ चाळी, प्रत्येकी ८० खोल्या, म्हणजे ९,६८० खोल्या; पुनर्वसनाची घरे ९,६८९. म्हणजे जुनी कुटुंबे तितकीच राहतात, पण ती सुमारे ६० एकरांच्या एका भागात एकवटतात आणि उरलेल्या भागात विक्रीची नवी कुटुंबे, त्यांच्या गाड्यांसह, येतात. नवी मुंबईची कल्पना प्रथम मांडणाऱ्या तिघांपैकी एक, नगररचनाकार आणि अभियंता शिरीष पटेल, यांनी याच घनतेचा मुद्दा घेऊन उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. न्यायालयाने ती फेटाळली. कायद्याच्या दृष्टीने विषय तेथे संपला असला तरी त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न, म्हणजे दर माणशी किती रस्ता, किती मैदान, किती शाळा उरते, हा रोज जगताना पडणारा प्रश्न आहे.

दाटीचा परिणाम आरोग्यावर होतो, हे मुंबईनेच पाहिले आहे. गोवंडी-मानखुर्द भागातील पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या संशोधकांनी केला होता. जिथे इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर होते आणि खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नव्हता, त्या लल्लुभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये क्षयरोगाचे प्रमाण जवळच्याच मोकळ्या वसाहतीपेक्षा कितीतरी अधिक आढळले. बीडीडीच्या नव्या इमारती त्या वसाहतींसारख्या नाहीत, घरेही मोठी आहेत. तेव्हा घाबरवण्यासाठी हे उदाहरण दिलेले नाही. सोडतीत खालचा मजला मिळालेल्या रहिवाशाने समोरची इमारत किती मीटरवर आहे आणि आपल्या खिडकीत हिवाळ्यात ऊन किती वेळ येईल, हे विचारणे त्याचा हक्क आहे, एवढेच त्यातून घ्यावे.

जांबोरी मैदान आणि इतर मैदाने राहणार का?

मैदान कागदावर राहणे आणि ते रहिवाशांच्या वापरात राहणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. जांबोरी मैदान हे वरळीच्या चाळींचे हृदय आहे असे म्हणणे आता गुळगुळीत झाले असले तरी, कबड्डीच्या स्पर्धा, दहीहंडी, सभा आणि सकाळची चाल या सगळ्यांना पुरून उरणारी दुसरी जागा त्या परिसरात नाही. वरळीच्याच आंबेडकर मैदानावर ५ जानेवारी १९७४ रोजी दलित पँथरची सभा झाली आणि तिच्यामागून वरळीची दंगल पेटली. त्या परिसरातील माणसांसाठी ती केवळ मोकळी जागा नाही, ती त्यांच्या राजकीय आयुष्याची जागा आहे. पुनर्विकासाच्या आराखड्यावर मैदान हिरव्या रंगाचा चौकोन म्हणून दिसते, आणि या गोष्टी त्या रंगात उतरत नाहीत.

जांबोरी मैदानाचे महापालिकेने सुशोभीकरण केले. त्यानंतर तेथे मोठ्या उत्सवांचे मांडव घालावेत की नाही, यावरून वाद झाला. त्या वादात दोन्ही बाजूंना थोडे थोडे बरोबर मानावे लागते. फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांना सपाट वाट आणि बाके हवी असतात. मंडळांना मातीचे मोकळे आवार हवे असते. आणि कबड्डी खेळणाऱ्या पोरांना तर शोभेची हिरवळ नकोच असते. आमचे मत असे की कोणत्याही मैदानाला हात लावण्यापूर्वी त्याचा आठवडाभराचा वापर, कोण, किती वाजता, कशासाठी येते, याची नोंद रहिवाशांनी स्वतः करावी आणि ती घेऊन विभाग कार्यालयात जावे. ठेकेदाराच्या यादीत बाके, दिवे, कारंजे आणि रंगीत फरशी हे पदार्थ तयार असतात. मातीची खेळपट्टी त्या यादीत आपण घातल्याशिवाय येत नाही.

पोडियमवरची बाग ही मोकळी जागा धरायची का?

वाहनतळाच्या छतावर माती पसरून केलेल्या बागेला पोडियम गार्डन म्हणतात. ती दिसायला छान असते, पण तेथे वड-पिंपळ वाढत नाही, पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही आणि आग लागल्यास अग्निशमनाचा बंब सहज पोहोचत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, मुंबईतीलच एका प्रकल्पाच्या खटल्यात, नियमाने आवश्यक असलेली किमान मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीच्या पातळीवरच असली पाहिजे, पोडियमवर ती दाखवता येणार नाही, असा निर्णय दिला. तेव्हा सादरीकरणात हिरव्या रंगाने दाखवलेल्या प्रत्येक तुकड्याबाबत विचारावे की ही जमीन आहे की छत आहे, तेथे सर्वांना प्रवेश आहे की केवळ विक्रीच्या इमारतीला आहे, आणि तिची चावी कोणाकडे राहणार आहे. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण मिश्र वसाहतीत फाटक आणि पहारेकरी कोणाच्या बाजूला बसतो, यावरून पुढची वीस वर्षे ठरतात.

मुंबईला मोकळ्या जागांची एवढी ओढाताण का?

शहरात दर माणशी प्रत्यक्ष वापरता येण्याजोगी मोकळी जागा एक-सव्वा चौरस मीटरच्या आसपास धरली जाते. केंद्राच्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत हे प्रमाण दहा ते बारा चौरस मीटर सुचवले आहे. ही तूट भरून काढण्याची सर्वात मोठी संधी गिरणगावातच आली होती आणि गिरणगावातच हुकली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि मध्य मुंबईत सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होण्याच्या वाटेवर आली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे या जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे होते: एक महापालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे संपूर्ण जमिनीचे न करता, तिच्यावरील बांधकाम वगळून उरलेल्या रिकाम्या तुकड्याचे करायचे ठरले. गिरण्यांच्या आवारात बांधकामच जास्त असल्याने जनतेच्या वाट्याला चिंधी आली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या अर्थ लावण्याच्या विरोधात निकाल दिला; सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो फिरवला. लोअर परळच्या मॉलमध्ये हिंडताना ही हकीकत कोणाला आठवत नाही, यात नवल नाही. बीडीडीच्या जमिनी मात्र शासनाच्याच आहेत, मालकाच्या वाट्याचा प्रश्न नाही, आणि म्हणूनच येथे मोकळ्या जागेचा हिशेब काटेकोर मागण्याचा अधिकार अधिक बळकट आहे.

परिसरातील रस्ते, पूल आणि स्थानके यांचे पुनर्विकासाशी काय देणेघेणे?

थेट देणेघेणे आहे. गिरण्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे आले, रोज लाखो माणसे येऊ-जाऊ लागली, आणि स्थानकांचे जिने मात्र गिरणीच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या, म्हणजे आजच्या प्रभादेवीच्या, पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. ना. म. जोशी मार्गाच्या रहिवाशांना डिलाइल पुलाचा अनुभव आहेच: जुलै २०१८ मध्ये बंद झालेला पूल पूर्णपणे खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला, आणि मधली पाच वर्षे म्हाताऱ्यांनी, शाळकरी पोरांनी, रुग्णवाहिकांनी वळसे घातले.

भुयारी मेट्रोची वरळी भागातील स्थानके २०२५ मध्ये सुरू झाल्याने थोडा दिलासा मिळाला आहे. तरीही स्थानकापासून चाळीपर्यंतचा पदपथ सलग नसेल तर मेट्रोचा फायदा तरुणांपुरताच राहतो. पदपथ किमान किती रुंद, त्यावर बस थांबा, झाडाचा पार आणि भाजीवाली या तिघांना जागा कशी मिळणार, हे पुनर्विकासाच्या अंतर्गत रस्त्यांच्या नकाशातच ठरते. भाजीवालीचा उल्लेख गमतीने केलेला नाही. चाळीच्या फाटकावर मासळी, भाजी, फुले विकणाऱ्या बाया या परिसराचा बाजार आहेत, आणि नव्या आराखड्यात त्यांच्यासाठी ओटा दाखवला नाही तर त्या उद्या अतिक्रमण ठरतील.

नव्या घराचा महिन्याचा खर्च किती येईल?

चाळीत भाडे नाममात्र होते आणि दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम खाते करीत असे. उंच इमारतीत लिफ्ट, पाण्याचे पंप, अग्निशमन यंत्रणा, सांडपाणी प्रक्रिया, जिन्यातले दिवे, सुरक्षारक्षक हे सगळे रोज पैसे खाते. उदाहरणापुरते, दर चौरस फुटाला महिना पाच रुपये धरले तरी ५०० चौरस फुटांना अडीच हजार होतात. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या विधवेसाठी ही रक्कम लहान नाही. एक बाजू जमेची आहे: मुंबई महापालिका हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, आणि ही घरे त्या मर्यादेत बसतात.

पुनर्वसनाच्या इमारतींची १२ वर्षे देखभाल केली जाईल, असे म्हाडाने जाहीर केले आहे. या घोषणेत देखभाल म्हणजे नेमके काय, हे करारात वाचून घ्यावे. गळती आणि लिफ्टची दुरुस्ती त्यात येते की वीजबिल आणि पहारेकऱ्याचा पगारही येतो, यात मोठा फरक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाल्यावर आदर्श उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी निक्षेप निधीत, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवायच्या पैशांत, टाकावी लागते. ती पहिल्या वर्षापासून टाकावी. बारा वर्षांनी एकदम डोंगर उभा राहण्यापेक्षा ते बरे.

आम्ही घरगुती खानावळ चालवतो. नव्या इमारतीत ती चालेल का?

गिरणगावात घरगुती खानावळीने कित्येक संसार तारले आहेत, त्यामुळे हा प्रश्न दर बैठकीत येतो. चार-सहा डबे करून देण्याला सहसा कोणी हरकत घेत नाही. मोठ्या प्रमाणावर गॅसचे सिलिंडर साठवणे मात्र उंच इमारतीत धोक्याचे आहे आणि संस्था ते अडवेल. तळमजल्यावर महिला बचत गटांसाठी सामाईक स्वयंपाकघर किंवा गाळा मिळावा, अशी मागणी करणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

आमची इमारत बीडीडी नाही, उपकरप्राप्त आहे. आम्हालाही ५०० चौरस फूट मिळतील का?

आपोआप मिळणार नाहीत. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या, दुरुस्ती मंडळाला उपकर भरणाऱ्या खासगी इमारतींना विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ३३(७) लागू होतो. त्यात ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते आणि किमान ३०० चौरस फुटांचे घर मिळते. त्याहून जास्त किती, हे मूळ खोलीच्या आकारावर आणि विकासकाशी झालेल्या करारावर ठरते. अनेक इमारती एकत्र येऊन ३३(९) खाली समूह पुनर्विकास करू शकतात, त्यासाठी शहर भागात किमान चार हजार चौरस मीटर जमीन लागते.

समूह पुनर्विकासाचे सर्वात मोठे उदाहरण भेंडीबाजारचे आहे. तेथे सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने साडेसोळा एकरांवरील सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने यांचा एकत्र आराखडा केला. गल्लीबोळातील एकेकटी इमारत उंच झाली तर तिच्यासमोरचा रस्ता तेवढाच अरुंद राहतो. समूहात निदान रस्ता रुंद करता येतो, हा त्यातला फायदा. वेळ मात्र लागतो, आणि वाट पाहण्याची किंमत भेंडीबाजारानेच मोजली: ३१ ऑगस्ट २०१७ रोजी तेथील हुसैनी इमारत कोसळून ३३ जण दगावले. धोकादायक इमारतीत राहून चांगल्या आराखड्याची वाट पाहू नये, हे आम्ही कोणालाही निःसंकोच सांगू.

घर मिळाल्यावर विकावे का?

समारंभांत नेतेमंडळी आवर्जून सांगतात की घरे विकू नका. उपदेश सोपा आहे. देखभालीचा खर्च झेपला नाही, भावाभावांत वाटणी झाली नाही, किंवा आजारपण आले, की घर विकले जाते. भावनेला आवाहन करून ते थांबत नाही. विकण्याचा विचार असलाच तर आधी पुनर्विक्रीवर कोणती बंधने आहेत हे वाटपपत्रात पाहावे, आणि घर कोणाकोणाच्या नावावर आहे याचा निकाल कुटुंबात लावून घ्यावा. पत्नीचे नाव चावी घेण्यापूर्वीच सोबत लावावे, ही सूचना आम्ही प्रत्येक बैठकीत करतो.

करारावर सही करण्यापूर्वी कोणते कागद मागावेत?

स्वतःचा पात्रतेचा निर्णय, सोडतीचा निकाल, नोंदणीकृत कराराची प्रत आणि घराचा चटई क्षेत्र दाखवणारा नकाशा हे चार कागद प्रत्येकाकडे असतातच. त्यांच्याखेरीज संपूर्ण वसाहतीचा मंजूर आराखडा मागावा. त्यात जमिनीवरील मोकळ्या जागेचे क्षेत्रफळ, इमारतींमधील अंतर, अंतर्गत रस्त्यांची रुंदी, मैदानांच्या सीमा, बालवाडी, वाचनालय आणि व्यायामशाळा कोणत्या मजल्यावर आहेत, हे सारे लिहिलेले असते. सादरीकरणाच्या रंगीत चित्रात आणि मंजूर नकाशात फरक निघाला तर नकाशा खरा धरला जातो.

हे कागद सहज मिळाले नाहीत तर माहिती अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्ज कमिटीच्या नावाने न करता एका व्यक्तीच्या नावाने करावा, कारण कायद्याने हा अधिकार नागरिकाला दिलेला आहे. नकाशा मिळाल्यावर तो चाळीच्या फळ्यावर लावावा आणि कोणीतरी मीटर टेप घेऊन जांबोरी मैदानावर किंवा नायगावच्या दोन चाळींमध्ये जाऊन नकाशातले सहा मीटर, नऊ मीटर प्रत्यक्षात किती दिसतात ते पायांनी मोजून दाखवावे. आमच्याकडे हे एकदा रविवारी सकाळी केले, तेव्हा बैठकीला कधी न येणाऱ्या बाया पाण्याचे हंडे खाली ठेवून पाहायला उभ्या राहिल्या आणि त्यांनीच विचारले की मग तुळशीचे लग्न कुठे लावायचे. तो प्रश्न आम्ही त्याच दिवशी अर्जात लिहून घेतला आहे. उत्तर आल्यावर या पानावर देऊ.